जीएम अन्न: ताटात आलंय का, आणि आलं असेल तर भ्यायचं नेमकं कशाला?

चौकस

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तो टोमॅटोचा फॉरवर्ड फिरला. टोमॅटो महिनाभर फ्रिजबाहेर टिकतो, म्हणजे तो जीएम (प्रयोगशाळेत जनुकात बदल केलेला), म्हणजे कॅन्सर. खाली जोडलेल्या हातांची रांग. उत्तर द्यायला बसलो आणि ते इतकं लांबलं की म्हटलं, इथेच धागा काढावा. इथे शेती करणारे आहेत, प्रयोगशाळेतले आहेत, काही न करता मत असणारे तर आहेतच.

मला जमवता आलं ते आधी मांडतो.

भारतात कायदेशीररीत्या लावलं जाणारं जीएम पीक एकच, कापूस. अळीला मारणारं जनुक घातलेल्या बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. बाजारातला टोमॅटो, स्वीट कॉर्न, बिनबियांचं कलिंगड, तैवान पपई यातलं आपल्याकडचं काहीही जीएम नाही. ती संकरित वाणं आहेत. टोमॅटोत माशाचं जनुक घालण्याचा प्रयोग अमेरिकेत १९९१ च्या सुमारास झाला होता, पण तो टोमॅटो कधीच बाजारात आला नाही. फॉरवर्डमध्ये मात्र तो मासा अजून पोहतोय.

वांग्याची गोष्ट वेगळी. जालन्याच्या महिको या बियाणं कंपनीने बीटी वांगं तयार केलं, ऑक्टोबर २००९ मध्ये जीईएसी या केंद्राच्या समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला. मग तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० ला स्थगिती जाहीर केली. ती आजतागायत उठलेली नाही. बांगलादेशाने तेच वांगं २०१३ मध्ये मंजूर केलं आणि तिथे लोक ते खातात. मोहरीच्या डीएमएच-११ या जीएम वाणाला २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे पर्यावरणीय मंजुरी मिळाली, पण जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दोन वेगवेगळे निकाल दिले. दोघांचं एकमत झालं ते यावर की सरकारने जीएम पिकांचं राष्ट्रीय धोरण ठरवावं.

या धाग्यावर प्रश्न फक्त ताटाचा. बियाण्यांची मक्तेदारी, रॉयल्टी, कर्ज हे सगळं महत्त्वाचं आहे, पण ते इथे आणलं की तीनशे प्रतिसाद होतात आणि खायचं की नाही ते कुणालाच कळत नाही.

माझा कल आधीच सांगून टाकतो. जनुकाची मला फार भीती वाटत नाही, तपासणीच्या फायलीची वाटते. का ते पुढे ओघात येईलच.

वऱ्हाडी ठेचा

ताटात आलंय का म्हणून काय विचारता राजेहो, कधीचंच आलंय. देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी आहे. जिनिंगमध्ये रुई वेगळी झाली की उरते सरकी. सरकी जाते ऑइल मिलला. तेल माणसाले, ढेप ढोराले. गुजरातेत तर सरकीचं तेल म्हणजे घरातलं रोजचं तेल, आणि फरसाणवाल्यांचं आवडतं, कारण त्याला स्वतःचा वास-चव फारशी नसते.

म्हणजे वीसेक वर्षं आपण कढईतून हे खातोय. वांग्यावरून देशभर सुनावण्या झाल्या, सरकीच्या तेलावरून एकही झाल्याचं मला आठवत नाही.

मधुमालती

बाप रे. आणि ढेप खाणाऱ्या गाईचं दूध? माझी दोन्ही मुलं दूधच पितात. कुणी जाणकार सांगेल का, की त्यातून काय येतं?

प्रयोगवही

मधुमालती, सविस्तर लिहितो. (रेणवीय जीवशास्त्रात काम करतो, बियाणं कंपनीत नाही. हा प्रश्न येणार म्हणून आधीच सांगितलं.)

तेल म्हणजे स्निग्ध पदार्थ. बीटीचं जे काही आहे ते प्रथिन आहे, आणि ते बनवण्याची कृती असलेलं जनुक डीएनएत आहे. रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ उरतच नाही. ढेपेत उरतं. पण गाय ढेप खाते तेव्हा त्यातली प्रथिनं इतर कुठल्याही प्रथिनांसारखीच पचतात. चवळीचं जनुक जसं दुधात उतरत नाही, तसंच हेही.

आता ते प्रथिन काय आहे? क्राय१एसी. बॅसिलस थुरिंजेन्सिस नावाचा मातीतला जीवाणू ते बनवतो. 'बीटी' ही त्याचीच आद्याक्षरं. अळीच्या आतड्यात वातावरण अल्कधर्मी असतं. तिथे हे प्रथिन विरघळून कार्यक्षम होतं, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहींना चिकटतं आणि आतड्याला भोकं पाडतं. माणसाचं जठर आम्लधर्मी, आणि आपल्या आतड्यात त्याला चिकटायला तशी जागा नाही. याच जीवाणूची पावडर सेंद्रिय शेतीवाले कित्येक दशकं फवारतायत. त्याविरुद्ध मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही.

पण इथे थांबलं तर ती जाहिरात होईल. हा युक्तिवाद फक्त क्राय१एसीपुरता आहे. उद्या दुसरं जनुक आलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासावं लागेल. याची दोन उदाहरणं प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जातात.

एक, सोयाबीन. अमेरिकेतल्या एका कंपनीने सोयाबीनमध्ये मेथिओनिन हे अमिनो आम्ल वाढावं म्हणून ब्राझील नटचं एक जनुक घातलं. पशुखाद्य सुधारावं हा हेतू. ब्राझील नटची ॲलर्जी असलेल्या लोकांच्या रक्तावर चाचणी केली तर या सोयाबीनलाही प्रतिक्रिया आली. १९९६ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं आणि वाण बाजारात येण्याआधीच गुंडाळलं गेलं. म्हणजे धोका खरा होता, आणि चाचणीने तो पकडला.

दुसरं स्टारलिंक नावाचा मका. त्यात क्राय९सी हे दुसरं बीटी प्रथिन होतं. ते पचायला जरा चिवट, म्हणून ॲलर्जीची शंका राहिली. अमेरिकी सरकारने त्याला फक्त जनावरांच्या खाद्यासाठी परवानगी दिली, माणसांसाठी नाही. २००० साली तो माणसांच्या टाको शेल्समध्ये सापडला आणि दुकानंच्या दुकानं रिकामी करावी लागली. त्रास झाल्याची तक्रार करणाऱ्यांचं रक्त तपासलं, त्यात त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिक्रिया आढळली नाही. पण जनावरांचा मका आणि माणसांचा मका गोदामात वेगळा राहील हे गृहीतक मात्र कायमचं मोडलं.

तिरपागडा

मग झालं की. सुरक्षित आहे. अमेरिका १९९६ पासून खातेय, कुणाला शिंगं फुटली नाहीत. धागा बंद करा, भरीत करा.

आजोळ

तिरपागडा, अमेरिका काय खाते ते बघा जरा. तिथला जीएम मका आणि सोयाबीन मुख्यतः जनावरांच्या खाद्यात, इथेनॉलमध्ये, तेलात आणि गोड सिरपमध्ये जातो. आपण वांगं अख्खं खातो, देठासकट. आमच्या खानदेशात हिवाळ्यात भरीत-पुरीचा बेत आठवड्याला असतो. एका देशाने सिरप प्यायलं म्हणून दुसऱ्या देशाच्या भाजीला प्रमाणपत्र कसं मिळतं?

आणि फ्रान्सच्या सेरालिनी यांच्या उंदरांबद्दल कुणीच कसं बोलत नाही? जीएम मका खाल्लेल्या उंदरांच्या अंगावर केवढाल्या गाठी आल्या होत्या, फोटो पाहिलेत का?

प्रयोगवही

फोटो सगळ्यांनी पाहिलेत, शोधनिबंध फार थोड्यांनी.

सेरालिनींचा प्रयोग २०१२ मध्ये छापून आला. दोनशे उंदीर, दोन वर्षं, प्रत्येक गटात दहा नर किंवा दहा माद्या. वापरलेली जात स्प्राग-डॉली. या जातीच्या उंदरांना म्हातारपणी आपोआपच गाठी येतात, काहीही खाऊ घातलं तरी. दोन वर्षांचा प्रयोग म्हणजे त्यांचं जवळजवळ अख्खं आयुष्य. अशा वेळी दहाच्या गटात फरक दिसला तर तो खाण्याचा की योगायोगाचा हे ठरवता येत नाही. साधा मका खाणाऱ्या गटातही गाठी होत्याच, त्यांचे फोटो निबंधात नव्हते. नियतकालिकाने २०१३ मध्ये निबंध मागे घेतला, २०१४ मध्ये तो दुसरीकडे पुन्हा छापला गेला. ज्याला जे हवं ते तो उचलतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये तोवरच्या शेकडो अभ्यासांचा आढावा घेतला. निष्कर्ष असा की सध्या बाजारात असलेल्या जीएम पिकांमुळे माणसाच्या आरोग्याला नेहमीच्या पिकांपेक्षा जास्त धोका असल्याचा खात्रीलायक पुरावा नाही. 'सध्या बाजारात असलेल्या' या शब्दांवर माझाही भर आहे.

तुमचा भाजीचा मुद्दा मात्र योग्य आहे. किती खातो आणि कसं खातो यावर चाचणी ठरली पाहिजे.

साळुंकी

वाचतेय. वाचनखूण साठवली.

चौकस

आता फायलीबद्दल.

बीटी वांग्याच्या सुरक्षिततेच्या चाचण्या झाल्या होत्या. उंदीर, ससे, शेळ्या, कोंबड्या, मासे, दुभत्या गाई, सगळ्यांना खाऊ घालून झालं होतं. उंदरांवरची मुख्य चाचणी ९० दिवसांची. त्या कुणी करवून घेतल्या? ज्याला वांगं विकायचं होतं त्याने. जगभर अशीच पद्धत आहे, औषधांचीही. मला त्यात लगेच कट दिसत नाही. पण त्या चाचण्यांचे आकडे लोकांना बघायला कधी मिळाले? माहितीच्या अधिकारात मागणी झाली, ती नाकारली गेली, केंद्रीय माहिती आयोगापर्यंत गेली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं, तेव्हा कुठे २००८ मध्ये कागद उघडे झाले. जे वांगं खाऊन काही होत नाही, त्याच्या उंदरांचे आकडे लपवायला इतकी धडपड कशासाठी?

रमेश यांनी स्थगितीच्या आदेशात वांगं विषारी आहे असं म्हटलेलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की शास्त्रज्ञांत एकमत नाही, विरोध मोठा आहे, घाई करण्याचं कारण नाही आणि स्वतंत्र अभ्यास व्हायला हवेत. संसदेच्या कृषी स्थायी समितीनेही २०१२ च्या अहवालात नियंत्रणाची घडी विस्कटलेली असल्याचं सांगितलं. इतक्या वर्षांत तो स्वतंत्र अभ्यास कुणी केला? सरकारने स्थगितीचा अर्थ 'विषय टळला' असा घेतला. दरम्यान २०१९ मध्ये हरियाणात फतेहाबादला एका शेतात बेकायदा बीटी वांगं सापडलं. म्हणजे स्थगिती कागदावर आणि वांगं शेतात.

कुणबीक

बराच वेळ वाचत होतो, आता बोलतो. सांगली जिल्हा, वांग्याची शेती. आमच्याकडची कृष्णाकाठची वांगी पुण्या-मुंबईची माणसं नावानं मागून घेतात.

वांग्यातला खरा शत्रू म्हणजे शेंडे आणि फळ पोखरणारी अळी. अंड्यातून निघाली की थेट शेंड्यात नाहीतर फळात शिरते. एकदा आत गेली की वरनं कितीही फवारा, तिला काय लागत नाही. म्हणून शेतकरी ती आत शिरायच्या आधी गाठायला बघतो, म्हणजे सतत फवारतो. डब्यावर लिहिलेलं असतंय फवारणीनंतर इतके दिवस तोडणी करू नका. वांग्याचा तोडा दोन-तीन दिवसाआड असतो. ते दिवस पाळले तर माल जून होतो, व्यापारी हात लावत नाही. एक भोक दिसलं तर अख्खी जाळी मागं. मग काय होतं ते तुम्ही समजून घ्या. आमच्या भागात बरेच जण घरासाठी दोन सरी वेगळ्या ठेवतात, तिकडं पंप नेत नाहीत.

तुम्ही इथं ९० दिवसांच्या उंदरांवर भांडताय. मंडईतल्या चकचकीत वांग्यावर किती औषध शिल्लक आहे ते कोण मोजतंय? बांगलादेशात बीटी वांगं लावणाऱ्यांच्या फवारणीच्या खर्चात मोठी घट झाली असं त्यांच्याकडच्या अभ्यासात आलंय. मला विचाराल तर मला ते बियाणं उद्या पाहिजे. खाणाऱ्याचं नंतर, आधी फवारा मारणाऱ्याच्या फुप्फुसाचा विचार करा. यवतमाळला २०१७ ला फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली.

वऱ्हाडी ठेचा

कुणबीकभाऊ, तुमच्या शब्दाला मान आहे, पण यवतमाळचं उदाहरण देताना एक गोष्ट सुटली. ती माणसं कशावर फवारत होती? बीटी कापसावरच. बीटीमुळे फवारे कमी होतील हे आम्हालाही सांगितलं होतं, आणि पहिली काही वर्षं झालेही कमी. बोंडअळी गप्प होती. मग रस शोषणाऱ्या किडी वाढल्या, त्यांच्यासाठी फवारे आले. मग गुलाबी बोंडअळीने दोन जनुकांच्या बीटीलाही दाद देणं सोडलं आणि २०१७ ला विदर्भ-मराठवाड्यात बोंडं किडून गेली.

आता त्यात आमचीही करणी आहे. बियाण्याच्या थैलीत ४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅम बिगरबीटीचं वेगळं पाकीट यायचं. ते बांधावर चौफेर लावायचं, म्हणजे अळीची साधी पैदास टिकून राहते आणि प्रतिकारशक्ती लवकर तयार होत नाही. कोण लावतो? चार ओळी रिकाम्या घालवायला कुणाकडे जागा आहे? बहुतेकांनी ते पाकीट फेकलं. वांग्यातही तेच होईल. एक-दोन एकरवाला माणूस त्यातला काही भाग अळीसाठी सोडेल काय?

अजून एक, आणि ही धाग्याच्या विषयातली गोष्ट आहे. बीटी वेगळं आणि तणनाशक सोसणारं पीक वेगळं. आमच्याकडे 'चोर बीटी' म्हणून जे बियाणं रात्री घरपोच येतं ते दुसऱ्या प्रकारातलं. वर ग्लायफोसेट मारा, तण मरतं, कपाशी उभी. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरून सरकारला आव्हान दिलं होतं. निंदणाच्या मजुरीचे भाव पाहता मी त्यांना दोष देत नाही. पण खायच्या पिकात हे आलं तर तणनाशक थेट पिकावर पडणार. तिथे जनुकाचं पचन होतं का हा प्रश्नच नाही, तणनाशकाचा अंश ताटात किती येतो हा आहे.

प्रयोगवही

वऱ्हाडी ठेचा, या प्रतिसादाला दोन्ही हातांनी अनुमोदन. 'जीएम सुरक्षित आहे का' या प्रश्नाला उत्तर नाही ते यामुळेच. बीटी वांगं, तणनाशक सोसणारं सोयाबीन, विषाणूला दाद न देणारी हवाई बेटांवरची पपई, जीवनसत्त्व अ साठीचा सोनेरी तांदूळ यांत सामाईक आहे ती फक्त बनवण्याची रीत.

ग्लायफोसेटबद्दल थोडं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. युरोप आणि अमेरिकेच्या नियामकांनी, अन्नातून येणाऱ्या प्रमाणात तसा धोका दिसत नाही असं म्हटलं. पहिल्यांचा प्रश्न होता, हा पदार्थ कर्करोग घडवू शकतो का? दुसऱ्यांचा होता, नेहमीच्या वापरात घडवेल का? म्हणून उत्तरं वेगळी. आपल्या डीएमएच-११ मोहरीतही 'बार' हे जनुक आहे, ते ग्लुफोसिनेट या दुसऱ्या तणनाशकाला दाद देत नाही. ते संकरित बियाणं बनवण्याच्या सोयीसाठी घातलंय, शेतात फवारण्यासाठी नाही, असं सरकारचं म्हणणं आहे. आता चोर बीटीचा अनुभव असलेल्या राज्याने 'शेतात कुणी फवारणार नाही' यावर किती विश्वास ठेवावा, ते तुम्हीच सांगा.

तिरपागडा

म्हणजे वांगं चालेल, मोहरी बघू, मका माहीत नाही. बायकोने बाजारात जाताना शास्त्रज्ञ सोबत न्यायचा का? (हलके घ्या.)

साळुंकी

नुसती वाचत होते, पण लेबलचा विषय निघतोय म्हणून लिहिते. आम्ही न्यू जर्सीत. इथे २०२२ पासून पाकिटांवर 'बायोइंजिनियर्ड' असं छापणं सक्तीचं झालं. ऐकायला छान. प्रत्यक्षात रिफाइंड तेल आणि साखरेसारख्या पदार्थांत बदललेलं जनुक सापडतच नसेल तर छापावं लागत नाही, आणि काही कंपन्या नुसता स्कॅन करायचा चौकोन देतात. दुकानात गर्दीत उभं राहून कोण स्कॅन करतं? माझी बहीण जर्मनीत आहे. युरोपात नियम कडक: एखाद्या घटकात ०.९ टक्क्यांहून जास्त जीएम असेल तर लिहायचंच, तेल असलं तरी. परिणामी तिथे असा माल दुकानदार ठेवतच नाहीत.

२०२१ मधलं एक प्रकरण इथल्या देशी ग्रुपवर फार गाजलं होतं. भारतातून गेलेल्या तुकडा तांदळाच्या पिठात जीएमचा अंश सापडल्याचं फ्रान्सने कळवलं आणि युरोपात चॉकलेटच्या गोळ्या परत मागवाव्या लागल्या. भारताने ठाम नाकारलं, कारण भारतात जीएम भात पिकवला जात नाही. तुकडा तिकडे गेल्यावर भेसळ झाली असेल, असं भारताचं म्हणणं होतं.

मधुमालती

आपल्याकडे लेबलचा काही नियम आहे का? तेलाच्या पिशव्या आज उलटसुलट करून बघितल्या. हिरवा ठिपका आहे, 'फोर्टिफाइड' आहे, हृदयाचं चित्र आहे. जीएम कुठेच नाही.

चौकस

नियम आहे, हीच तर गंमत. वजनमापे खात्याच्या पाकीटबंद वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०१३ पासून जीएम अन्नाच्या पाकिटावर दर्शनी बाजूला वर 'जीएम' ही अक्षरं छापायची आहेत. शिवाय २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम २२ सांगतं की नियमांनी परवानगी दिल्याशिवाय जीएम अन्न बनवता, विकता, आयात करता येत नाही. त्या कलमाखालच्या नियमांचा मसुदा २०२१ च्या नोव्हेंबरात आला, २०२२ मध्ये सुधारून पुन्हा आला. १ मार्च २०२१ पासून आयात होणाऱ्या २४ पिकांच्या मालासोबत 'जीएम नाही' असा दाखला लागतो, त्यात चुकून मिसळलेलं एक टक्क्यापर्यंत चालतं. पण हा दाखला पिकांना, प्रक्रिया केलेल्या पदार्थांना नाही.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१८ मध्ये बाजारातल्या ६५ पदार्थांची तपासणी केली. २१ मध्ये जीएमचा अंश निघाला. त्यातले १६ आयात केलेले होते. भारतात तयार झालेले जे निघाले ते सरकीच्या तेलाचे. वऱ्हाडी ठेचा यांच्या पहिल्याच प्रतिसादावर प्रयोगशाळेचा शिक्का. काही पाकिटांवर चक्क 'जीएममुक्त' छापलेलं होतं.

आजोळ

थांबा. प्रयोगवही वर म्हणाले की रिफाइंड तेलात काही उरत नाही. मग या तपासणीत तेलात सापडलं ते काय?

प्रयोगवही

डीएनएचे तुकडे. ही चाचणी मोजक्या रेणूंच्या लाखो-करोडो प्रती काढून मग शोधते, त्यामुळे तिला नाममात्र अंशही दिसतो. मी बोललो ते प्रथिनाबद्दल. डीएनए आपण प्रत्येक घासाला खातो, पालकाचा, बोंबलाचा, सगळ्यांचा. त्याने अपाय होत नाही.

पण लेबलच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. तेलात जीएम शोधता येतं हे सिद्ध झालं. 'तपासणं शक्य नाही' ही सबब चालणार नाही.

आजोळ

हे आधीच सांगायला हवं होतं. आणि तुमच्यासाठी तो 'नाममात्र अंश' असेल, मला तो नको असेल तर? मला विषबाधा सिद्ध करायची नाहीये. उपासाला साबुदाणा चालतो आणि पोहे चालत नाहीत याला तरी कुठे शास्त्र लागतं? माझं ताट, मला कळलं पाहिजे. बस.

खुराडा

मग अंड्यावर काय छापू?

संगमनेरजवळ लेयरचा फार्म आहे. २०२१ च्या उन्हाळा-पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं, सोयापेंड परवडेना, निम्मे फार्म बंद पडायच्या बेतात. ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली. न्हावाशेवाला माल उतरणार होता. सरकारचं म्हणणं, ही दळून तेल काढलेली पेंड आहे, उगवू शकणारं बी नाही, म्हणून पर्यावरणाला धोका नाही. आम्हाला हायसं वाटलं. लातूरकडच्या सोयाबीनवाल्यांनी मात्र आम्हाला शिव्या घातल्या, कारण हंगामाच्या तोंडावर त्यांचे भाव कोसळून जवळपास निम्म्यावर आले. त्यांचंही चूक नाही.

एक गंमत सांगतो. आपल्या देशी सोयाबीनच्या पेंडेला परदेशात मागणी असते ती बिगरजीएम म्हणून. म्हणजे आपली शुद्ध पेंड बाहेर, त्यांची जीएम पेंड आपल्या कोंबडीला. कोंबडीने खाल्लं तर तिचं अंडं जीएम होत नाही हे मलाही कळतं. पण गिऱ्हाईक विचारायला लागलं तर मी एका अंड्यामागे काय काय लिहू?

साळुंकी

युरोपातसुद्धा जीएम खाद्य खाल्लेल्या जनावराच्या दुधा-मांसा-अंड्यांवर लिहावं लागत नाही. एवढ्या कडक लोकांनीही ती पायरी सोडली आहे.

तिरपागडा

आणि ते नवीन तांदूळ? मे २०२५ मध्ये दिल्लीत कृषिमंत्र्यांनी दोन वाणं जाहीर केली, 'कमला' आणि पुसा डीएसटी. पेपरात कुठे जीएम म्हटलं नाही, 'जनुक-संपादित' म्हटलं. जुनीच दारू नव्या बाटलीत का?

प्रयोगवही

अगदी तसं नाही. बीटीत दुसऱ्या जीवाचं जनुक आणून बसवलेलं असतं. या दोन वाणांत बाहेरचं जनुक नाही, भाताच्याच जनुकात छोटा बदल केलाय. कमला हे सांबा मसुरी या वाणापासून, दुसरं एमटीयू १०१० या वाणापासून. असा बदल निसर्गातही होऊ शकतो, म्हणून मार्च २०२२ मध्ये केंद्राने या प्रकाराला जीएमच्या कडक नियमांतून सूट दिली.

शास्त्र म्हणून मला ती सूट पटते. पण चौकस यांच्या फायलीचा मुद्दा इथे दुप्पट लागू होतो. कमी तपासणी पुरेशी आहे असं तुमचं मत असेल, तर जी काही केली ती तरी पहिल्या दिवशी संकेतस्थळावर टाका. हे वाण सरकारी संस्थांचे आहेत, व्यापारी गुपिताची सबबही नाही.

मधुमालती

खूप माहिती मिळाली, पण उद्या किराणा भरायचाय. तेल कुठलं आणू?

वऱ्हाडी ठेचा

घाण्याचं शेंगदाणा नाहीतर करडई. दोन्ही पिकं आपल्याकडे जीएम नाहीत. सूर्यफूलही चालेल. आयात सोयाबीन तेल बहुतेक अर्जेंटिना-ब्राझीलच्या जीएम दाण्याचंच असतं, पण ते खाऊन काही होतं असा पुरावा नाही हे वर आलंच आहे. बाहेरचं फरसाण कशात तळलंय ते विचारू नका, दुकानदारालाही माहीत नसतं. करडईचा भाव ऐकून मात्र बसायला खुर्ची घ्या.

चौकस

धाग्याचं काहीतरी व्हावं म्हणून माहितीच्या अधिकारात अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे अर्ज टाकतोय. मसुदा असा:

१. गेल्या पाच वर्षांत सरकी तेल आणि सोयाबीन तेलाचे किती नमुने जीएमसाठी तपासले, निकाल काय?
२. पाकिटावर 'जीएम' न छापल्याबद्दल आजवर किती जणांवर कारवाई झाली?
३. २०२१-२२ च्या मसुद्यावर आलेल्या हरकती आणि अंतिम नियमांची सद्यस्थिती.

कुणाला काही घालायचं असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत सांगा.

आजोळ

दुसऱ्या प्रश्नात 'जीएममुक्त असं खोटं छापल्याबद्दल' हेही वेगळं विचारा. एकत्र विचारलं की एकत्रच शून्य येतं.

कुणबीक

आणि मंडईतल्या वांग्यावरच्या कीटकनाशकाच्या अंशाचा प्रश्न घाला. पुणे, मुंबई, सांगली, कुठलीही मंडई चालेल. किती नमुने घेतले आणि किती मर्यादेबाहेर निघाले. धाग्याच्या विषयाबाहेर आहे म्हणाल, तर माझ्यासाठी वेगळा अर्ज लिहून द्या, दहा रुपयांचं तिकीट मी लावतो.

चौकस

वेगळा नको. यातच चौथा म्हणून घातला.